अस्सल युद्धकालीन हेल्मेट कसं ओळखावं: इतवारीतल्या दोन टोपांच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या इतवारीत लोहाओळीच्या आसपास जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाने तुम्हाला दोन हेल्मेटं दाखवली. पहिलं पसरट काठाचं, ब्रिटिश घडणीचं. 'कामठीच्या एका माजी सैनिकाच्या घरून आलंय, १९४४मध्ये बर्माच्या आघाडीवर वापरलेलं' असं विक्रेत्याचं म्हणणं. त्याच्या काठाला तीन बारीक भोकं आहेत आणि चुंबक घट्ट चिकटतो. दुसरं जर्मन. डाव्या बाजूला गरुडाचं चिन्ह, उजव्या बाजूला काळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांची ढाल, आणि खालची कड आत वळवलेली नाही, तशीच उघडी आहे. दोन्ही अस्सल आहेत का, हे तुम्हाला हवंय.

माझं मत असं की दोन्ही टोपांचा पत्रा युद्धकाळातला असू शकतो, आणि तरीही दोन्हींबद्दल तुम्हाला जे सांगितलं गेलं ते टिकत नाही. असं का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

नवखा संग्राहक विचारतो, 'हे खरं की खोटं?' हा प्रश्न अपुरा आहे. सिनेमासाठी किंवा शोभेसाठी नव्याने ठोकलेलं, नखशिखांत बनावट हेल्मेट ओळखणं फारसं कठीण नसतं. माणूस फसतो तो खऱ्या टोपावर खोटं काही चढवलेलं असतं तिथे. टोप १९४०चा, आतलं अस्तर १९५५चं, हनुवटीचा पट्टा गेल्या वर्षी शिवलेला, रंग दोन महिन्यांपूर्वी मारलेला आणि चिन्ह इंटरनेटवरून मागवलेलं, अशी वस्तू 'अस्सल' म्हणून विकली जाते. विक्रेता टोपाकडे बोट दाखवतो आणि किंमत चिन्हाची घेतो. म्हणून हेल्मेट हातात आलं की धातू, रंग, अस्तर, पट्टा आणि खुणा या प्रत्येकाचं वय वेगवेगळं विचारायचं. उत्तरं एकमेकांशी जुळली तरच पुढची बोलणी.

धातूपासून सुरुवात करू, कारण तुमच्या पहिल्या टोपाचं उत्तर तिथेच आहे. जॉन ब्रॉडी यांनी १९१५मध्ये पेटंट घेतलेल्या पसरट टोपासाठी लवकरच हॅडफिल्डचं मँगनीज पोलाद वापरलं जाऊ लागलं. त्यात सुमारे १२ टक्के मँगनीज असतं. हे पोलाद चिवट असतं, आणि त्याचा संग्राहकाला उपयोगी पडणारा गुण म्हणजे चुंबक त्याला जवळजवळ चिकटत नाही. पहिल्या महायुद्धातल्या मार्क वन या ब्रॉडी टोपाच्या काठावर साध्या पोलादाची वेगळी पट्टी असते, त्यामुळे तिथे चुंबक धरतो, घुमटावर धरत नाही. १९३८च्या सुमारास आलेल्या मार्क टू या त्याच्या पुढच्या नमुन्यातही ब्रिटनमधल्या लढाऊ टोपांचा पत्रा मँगनीज पोलादाचाच होता. अमेरिकी एम-वनचा बाहेरचा टोपही त्याच जातीच्या पोलादाचा, तिथेही चुंबक घसरतो किंवा अगदी हलका धरतो.

पण ही परीक्षा सगळीकडे लावू नका. जर्मन टोपाला चुंबक चिकटतो आणि चिकटायलाच हवा. भारतात बनलेल्या मार्क टूवरही केवळ चुंबकाच्या भरवशावर निकाल देऊ नका, तिथे शिक्के आणि अस्तर बघा. 'चुंबक चिकटला म्हणजे नकली' हे वाक्य बाजारात सर्रास ऐकू येतं. त्यापायी लोकांनी चांगल्या वस्तू हातच्या घालवल्या आहेत आणि वाईट वस्तू घरी आणल्या आहेत.

आता काठाची भोकं. युद्धात ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांच्या वेळी काम करणारे स्वयंसेवक, अग्निशामक, कारखान्यांचे पहारेकरी यांनाही हेल्मेटं लागत होती. त्यांच्यासाठी साध्या पोलादाचे किंवा गोळीच्या चाचणीत लढाऊ दर्जाला न उतरलेले टोप वापरले जात, आणि ते आघाडीवरच्या टोपांत मिसळू नयेत म्हणून काठाला दोन, तीन किंवा चार लहान भोकं पाडली जात. तुमच्या टोपाला चुंबक घट्ट चिकटतो आणि काठाला तीन भोकंही आहेत. दोन्ही गोष्टी एकच सांगतात: हा नागरी संरक्षणाच्या दर्जाचा टोप आहे. तो युद्धकाळातला असेलही, पण बर्मातल्या पलटणीला देण्यासाठी तो बनलेला नव्हता. नागपुरात नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय पातळीवरचं प्रशिक्षण १९५७पासून चालतं, त्यामुळे असा टोप इथल्या बाजारात दिसला तर मला त्यात अचंबा वाटत नाही. आणि अशा टोपाला स्वतःचा इतिहास आहे. काळोख्या रात्री ढिगारे उपसणाऱ्यांच्या डोक्यावरची ही वस्तू आहे. तिला बर्माची खोटी कहाणी चिकटवून विकणं हा त्या माणसांवरही अन्याय आहे.

मार्क टू बघताना आणखी तीन जागा तपासा. पहिली, काठाची आतली बाजू, पट्ट्याच्या कडीजवळ. तिथे निर्मात्याची आद्याक्षरं आणि बहुधा सालही ठोकलेलं असतं. ब्रिग्ज मोटर बॉडीजचं बीएमबी, हॅरिसन ब्रदर्स अँड हॉसनचं एचबीएच, जोसेफ सँकीचं जेएसएस ही नेहमी दिसणारी. रंगाच्या थरांमुळे शिक्का बुजलेला असतो. टॉर्च अगदी आडवा धरा, म्हणजे सावलीने अक्षरं उठतात. रंग खरवडू नका. दुसरी जागा, अस्तर. मार्क टूचं अस्तर माथ्यावरच्या एकाच बोल्टने बसतं, त्याच्या ऑइलक्लॉथवर, म्हणजे तेल चढवलेल्या कापडावर, माप, साल आणि निर्माता छापलेला असतो. एक बोल्ट काढला की अस्तर बदलता येतं, आणि सैन्यातच ते बदललं जाई. म्हणून १९३९चा टोप आणि १९४१चं अस्तर दिसलं तर घाबरू नका, असा मेळ स्वाभाविक आहे. उलटं, म्हणजे टोप १९४३चा आणि अस्तर १९३८चं असेल, तर मात्र हे कधी जोडलं गेलं हे विचारा. तिसरी जागा, बोल्टचं डोकं. त्याच्या खाचेत ताज्या ओरखड्यांची चकाकी दिसली तर अलीकडे कुणीतरी ते उघडलंय.

रंग आणि गंज या विषयावर मी जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा, कारण बनावट करणारा इथेच घाई करतो. खरी झीज वापरातून येते. सैनिक हेल्मेट जमिनीवर, ट्रकच्या फळीवर काठावर टेकवतो, उलटं ठेवलं तर माथ्यावर. म्हणून काठ आणि माथा आधी उघडे पडतात. पट्टा जिथे घासतो तिथे चकाकी येते. अस्तराच्या खाली, पट्टीच्या आड, बोल्टच्या चकतीखाली रंग नवा राहतो, कारण तिथे ऊन, घाम, हात पोचत नाहीत. बनावट करणारा ब्रश, सँडपेपर किंवा ॲसिड घेऊन सगळीकडे सारखी झीज करतो. ज्या खोलगट जागी कशाचाच स्पर्श होऊ शकत नाही तिथेही रंग उडालेला दिसला, की मला आणखी पुरावा लागत नाही.

गंजाचंही तसंच. जुना गंज काळपट तपकिरी, पत्र्याला घट्ट धरून बसलेला असतो. पांढऱ्या कोरड्या कपड्याने पुसलं तर फारसं काही लागत नाही. आठवडाभरात मीठ-पाणी किंवा ॲसिड लावून आणलेला गंज नारिंगी, भुकटीसारखा असतो आणि कपड्यावर लगेच उमटतो. आपल्या विदर्भाच्या हवेचाही हिशेब धरा. इथे आठ महिने कोरडे, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर. नागपुरात सत्तर-ऐंशी वर्षं घरात राहिलेल्या टोपाचं कातडं कडक होऊन भेगाळेल, ऑइलक्लॉथ सोलवटेल, रबर दगडासारखं होईल, पण पत्र्याला समुद्रकाठच्यासारखे खोल खड्डे सहसा पडणार नाहीत. विक्रेता 'घराण्याच्या पेटीत होतं' म्हणत असेल, पत्रा चाळणीसारखा खाल्लेला आणि कातडं मात्र मऊ असेल, तर ती पेटी कुठली हे विचारायला हवं. चामड्यावर बूट पॉलिश किंवा चहाचं पाणी लावून जुनेपणा आणलेला असेल तर नाक जवळ नेलं की कळतं. जुन्या घामाचा, तेलाचा, कपाटातला वास वेगळा असतो. नाकाने एकदा ओळखला की तो विसरत नाही माणूस.

धाग्यांसाठी एक स्वस्त साधन आहे: नोटा तपासायचा अतिनील टॉर्च. कपडे आणि धागे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घातली जाणारी चकाकीची रसायनं प्रामुख्याने युद्धानंतर रूढ झाली. अंधारात टॉर्च मारल्यावर पट्ट्याची शिवण निळसर पांढरी झळकली तर धागा बहुधा नंतरचा. 'बहुधा' म्हणतोय, कारण कुणी जुना पट्टा आजच्या डिटर्जंटमध्ये धुतला असेल तर तोही झळकतो. झळकला नाही म्हणून तो जुनाच, असंही सिद्ध होत नाही. ही परीक्षा संशय वाढवते, निकाल देत नाही.

आता दुसरा टोप. जर्मन हेल्मेटं नागपूरपर्यंत कशी येतील, असं काहींना वाटेल. यायला वाट आहे. भारतीय डिव्हिजन उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत जर्मनांशी लढल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात आणि नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर लढताना व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. तिथून परतलेल्या सैनिकाच्या बोचक्यात शत्रूचा टोप असणं शक्य आहे. म्हणजे कहाणी अशक्य नाही. पण कहाणी शक्य असणं वेगळं आणि वस्तूने ती सिद्ध करणं वेगळं.

जर्मन टोपाच्या तीन पिढ्या लक्षात ठेवा. १९३५चा नमुना: कड आत वळवलेली, हवेच्या छिद्राला वेगळी बसवलेली बारीक नळी. १९४०चा: कड वळवलेलीच, पण छिद्र पत्र्यातच दाबून काढलेलं. १९४२चा: घडण झटपट व्हावी म्हणून कड वळवलीच नाही, बाहेर थोडी उघडलेली, धारदार. तुम्ही वर्णन केलेला टोप या तिसऱ्या पिढीचा आहे. आणि तिरंगी पट्ट्यांची ढाल सैन्याने मार्च १९४०मध्येच बंद केली होती. जी ढाल बंद झाल्यावर दोन वर्षांनी हा नमुना आला, ती ढाल कारखान्यात त्याच्यावर लागू शकत नाही. गरुडही १९४३मध्ये बंद झाला, म्हणून १९४२च्या नमुन्यावर गरुड असू शकतो, ढाल नाही. ती नंतर कुणीतरी चिकटवली आहे, आणि ज्याने ढाल चिकटवली त्याने गरुडही चिकटवला असेल असंच मी धरून चालेन. इथे भिंगही लागत नाही, दोन तारखा पुरतात.

तरी भिंग वापराच. सोनाराकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मूळ चिन्हात रंगाचे सलग थर असतात, त्यावर लाखेचा पिवळसर थर, आणि भेगा चिन्हातून खालच्या रंगापर्यंत सलग जातात. आजच्या प्रिंटरवर छापलेल्या चिन्हात भिंगाखाली ठिपके दिसतात. ओरखडा टोपाच्या रंगावर आहे आणि चिन्हाजवळ येऊन थांबतोय, पलीकडे पुन्हा सुरू होतोय, असं दिसलं तर चिन्ह ओरखड्यानंतर बसलंय. ॲसिटोनचा बोळा फिरवून बघण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो कधीच देणार नाही. त्याने खरी वस्तूही कायमची बिघडू शकते.

जर्मन टोपाच्या आत डाव्या बाजूच्या कडेवर कारखान्याची अक्षरं आणि माप असतं: थालेचं ईटी, क्विस्टचं क्यू, श्वेर्टेचं एनएस, लाउटरचं एसई, फुल्डाचं ईएफ. मागच्या बाजूला लॉट क्रमांक. माप आणि अस्तर यांचं गणित ठरलेलं आहे. ६४ मापाच्या टोपात ५६ किंवा ५७चं अस्तर, ६६मध्ये ५८ किंवा ५९, ६८मध्ये ६० किंवा ६१. शिक्का ६४चा आणि अस्तर ६०चं निघालं तर ती जोडी कारखान्यातली नाही. अस्तर धरून ठेवणाऱ्या तीन रिव्हेटांचे आतले पाय बघा. एकदाच वाकवलेला पाय आणि उघडून पुन्हा वाकवलेला पाय यांत फरक दिसतो, वाकलेल्या जागी धातू थकलेला असतो. या घडणीसारखे दिसणारे हंगेरी, स्पेन, चिली अशा देशांचे टोपही जर्मन म्हणून खपवले जातात. हंगेरीच्या १९३८च्या टोपाला मागे एक कडी असते आणि बाजूच्या रिव्हेटांची जागा वेगळी असते. फोटोशेजारी फोटो ठेवला की फरक उघड होतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकी एम-वनची युद्धकाळातल्या बहुतांश उत्पादनात कडेची जोड पुढे असते, १९४४च्या अखेरीपासून ती मागे गेली. पट्ट्याच्या कड्या आधी पक्क्या होत्या, १९४३पासून हलणाऱ्या आल्या. युद्धात असे दोन कोटींहून जास्त टोप बनले आणि पुढे व्हिएतनामपर्यंत पुन्हा पुन्हा रंगवून वापरले गेले, म्हणून टोप युद्धाचा असला तरी रंग आणि पट्टा युद्धाचा असेलच असं नाही. सोव्हिएत १९४०च्या नमुन्याला खालच्या बाजूला सहा रिव्हेटं असतात, पण तो युद्धानंतरही बनत राहिला, तेव्हा साल वाचल्याशिवाय 'स्टालिनग्राड' ऐकून घेऊ नका. जपानी टोप आपल्याकडे ईशान्येतून येतात आणि त्यांत कपाळावरचा तारा हमखास नंतर बसवलेला सापडतो. खरा तारा काढला तर खाली न उडालेल्या रंगाची ताऱ्याच्याच आकाराची जागा दिसते. तारा काढू मात्र नका, त्याच्या कडेने टॉर्च फिरवा. आणि कोहिमा-इम्फाळकडून 'जमिनीतून काढलेलं' काही घेण्यासाठी स्वतः खणायला जाऊ नका. त्या मातीत न फुटलेला दारूगोळा अजून निघतो.

आतल्या बाजूला लिहिलेल्या नाव-क्रमांकाबद्दल मला वेगळं सांगायचंय, कारण हे मला मनापासून लागतं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते, ८७ हजारांहून जास्त जण गेले. टोपाच्या आत कुणा शिपायाचं नाव लिहिलेलं असेल तर तो त्या माणसाच्या आयुष्याचा पुरावा असतो. बाजारात हे कळलंय, म्हणून आता नावंही रंगवली जातात. शाई भिंगाखाली बघा. जुन्या रंगाच्या भेगांमध्ये शाई उतरलेली असेल तर लिहिणं भेगांनंतरचं आहे. भेगेने अक्षर दुभंगलं असेल तर लिहिणं आधीचं. मृत सैनिकाचं नाव असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत ते क्रमांकासह शोधता येतं, पलटण जुळते का ते पडताळता येतं. नाव खरं निघालं तर किंमत विसरून आधी कुटुंबाचा शोध घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो.

कायद्याचाही एक मुद्दा. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२नुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या टोपांनी शंभरी ओलांडली आहे. तेव्हा मार्क वन विकत घेऊन परदेशी लिलावात पाठवायचा विचार कुणी सुचवला तर त्यापासून लांब राहा.

आता तुम्ही काय करावं. जर्मन टोप सोडून द्या. चिन्हांसह जी किंमत सांगितली जातेय ती पत्र्याची नाही, आणि चिन्हं काढून पत्रा घ्यायचा तर विक्रेता तसा भाव करणार नाही. ब्रिटिश टोप घेण्यासारखा असू शकतो, नागरी संरक्षणाचा म्हणून आणि त्याच भावाने. त्याआधी दुकानात भर दुपारी जा, म्हणजे दाराशी स्वच्छ उजेड मिळेल. विक्रेत्याला परवानगी विचारून हे फोटो काढा: काठाची आतली बाजू चारही दिशांनी, कडीजवळचा शिक्का, अस्तरावरचा छापा, माथ्यावरच्या बोल्टचं डोकं आतून आणि बाहेरून, तिन्ही भोकांच्या कडा. भोकांच्या आत जुना रंग उतरलेला असेल तर ती मुळातली. आत चकचकीत धातू असेल तर कुणी आत्ता ड्रिल चालवलंय आणि मग माझं वरचं म्हणणंही पुन्हा तपासावं लागेल. ज्याला लपवायचं काही नाही तो असे फोटो काढू देतो. कामठीच्या घराचं नाव, पत्ता किंवा सैनिकाचं सेवापुस्तक दाखवायला सांगा. कागद नसेल तर कहाणीचे पैसे देऊ नका.

घेतलंत तर घासू नका, धुऊ नका, तेल चोपडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून सँडपेपर तर अजिबात नको. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, आत आम्लविरहित कागदाचा बोळा ठेवून अस्तराचा आकार सांभाळा, आणि पावसाळ्यात बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. शिक्क्याचे आडव्या उजेडातले फोटो आले की साल आणि कारखाना वाचून सांगतो.